इटलीला घर घेऊन निघालीस, तर...

अगं, तुझी एक्सेल शीट नीट वाचली. वोल्फ्सबुर्गहून निघायचं, मग म्युनिक, झुरिक, मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पिसा, रोम आणि बारा दिवसांत परत. चाकणच्या प्लँटमध्ये लाइनचं प्लॅनिंग करणारी पोरगी तू, त्यामुळे मिनिटांचा हिशेब चोख आहे. पण मोटरहोमचा रूट शहरांच्या यादीवरून ठरत नाही. गाडीचं वजन किती, उंची किती, रात्री ती कुठे उभी राहणार आणि ती चालवणारी माणसं किती दमणार, यावरून ठरतो. म्हणून यातली निम्मी शहरं काढून टाक. वाईट वाटेल, तरी काढ.

त्याआधी लायसन्सचं बोलू. चाकण-तळेगावच्या कंपन्यांतून डेप्युटेशनवर जाणारी आपली मुलं-मुली व्हिसा, घर, शाळा सगळं बघतात आणि हे मात्र राहून जातं. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिनेच आपलं भारतीय लायसन्स चालतं. एकूण मुक्काम वर्षाच्या आतला असेल, तर मुदत वाढवून मागता येते. त्यापुढे राहायचं असेल, तर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा देऊन तिथलं लायसन्स घ्यावं लागतं. थिअरी इंग्रजीत देता येते, तेव्हा घाबरू नकोस. तुमचे सहा महिने कधी संपतात ते बघ, कारण ते संपल्यावर भाड्याची गाडी मिळणार नाहीच आणि चालवली तर तो गुन्हा होतो. मुदतीच्या आतच जाणार असाल, तर इथल्या आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट मूळ लायसन्ससोबत बाळग. ते जास्तीत जास्त वर्षभर चालतं. आणि हो, फक्त जावईबापूंचं नाही, तुझंही लायसन्स हवं. त्याचं कारण पुढे सांगते.

आता गाडी. आपल्याकडे देवदर्शनाला सगळं कुटुंब टेम्पो ट्रॅव्हलरमधून निघतं ना? आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ती 1987 साली आणली, मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनच्या परवान्यावर. त्याच टी-वनच्या सांगाड्यावर जर्मनीत मोटरहोम बांधली जायची. आज तिथे बऱ्याच मोटरहोमच्या खाली फियाटची डुकाटो असते. ती इटलीतच, अब्रुझ्झो भागातल्या आतेस्साच्या कारखान्यात बनते. सांगायचं एवढंच, की ट्रॅव्हलर जवळून पाहिलेल्या बाईला या गाडीची भीती वाटायचं कारण नाही. फक्त मागचं घर जास्त रुंद आणि उंच असतं. सात मीटर लांब, तीन मीटरच्या आसपास उंच. नेमकी उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटव आणि नॅव्हिगेशनमध्येही तीच भर.

वजनाची सीमा साडेतीन टन. आपल्या एलएमव्ही लायसन्सवर इथे साडेसात टनांपर्यंत चालवता येतं, तिथल्या बी वर्गाच्या लायसन्सवर साडेतीनच. माणसं, डिझेल, गॅस, सामान सगळं धरून. टाकीत शंभर लिटर पाणी भरलंस, की शंभर किलो तिथेच गेले. म्हणून निघताना टाकी पूर्ण भरू नकोस, मुक्कामाला पोचल्यावर भर. तांदळाची मोठी पिशवी आणि दोन-दोन कुकर नकोत. ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये पोलीस खरोखर वजन करतात.

आई-बाबाही येणार म्हणालीस, म्हणून हे नीट ऐक. जाहिरातीत सहा बेड दिसतात, पण बेल्ट असलेल्या सीट कधी कधी चारच असतात. चालत्या गाडीत कुणी बेडवर पडून राहणं चालत नाही, मग आईचे गुडघे कितीही दुखोत. गाडी बुक करताना बेल्ट मोज, आणि मुलांची सीट त्यात बसते का, हेही विचारून घे.

आता माझ्या मनातला रूट सांगते. स्वित्झर्लंड या वेळी सोड. तिथलं विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचा परवाना, फक्त वर्षाचंच मिळतं, चाळीस फ्रँकचं. उन्हाळ्यात गॉटहार्ड बोगद्यापुढे तासन् तास रांग लागते. तू ब्रेनरवरून जा. वोल्फ्सबुर्ग, न्यूरेम्बर्ग, म्युनिकच्या बाहेरून इन्सब्रुक, मग ब्रेनर खिंड, बोल्झानो आणि गार्डा सरोवर. साधारण हजार किलोमीटर. हे तीन दिवसांत कर. पहिल्या रात्री न्यूरेम्बर्गच्या दक्षिणेला ब्रोम्बाखच्या तलावाकाठी थांब. दुसऱ्या रात्री ऑस्ट्रियाच्या सीमेच्या आसपास. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी ब्रेनर चढ. वार मंगळवार किंवा बुधवार असू दे. शनिवारी मुळीच नको. 2025 पासून तिथल्या लुएग पुलावर काम चालू आहे, बराच काळ एका बाजूला एकच लेन असते. कंटाळून गावातल्या रस्त्याने जाऊ म्हणशील, तर उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ऑस्ट्रियाच्या तिरोल भागात ते रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद असतात. ऑस्ट्रियाचं विन्येट सीमेआधी घे. ब्रेनरच्या महामार्गाचा टोल त्याशिवाय वेगळा.

हा रस्ता तुझ्या वोल्फ्सबुर्गच्या फार ओळखीचा आहे, बरं का. 1955 साली जर्मनी आणि इटलीत कामगार नेण्याचा करार झाला आणि 1962 पासून इटालियन माणसं फोक्सवागनच्या कारखान्यात कामाला येऊ लागली. बराकीत राहायची, घरी पैसे पाठवायची. आज तुझ्या शेजारी, दुकानात, मुलांच्या शाळेत त्यांची नातवंडं भेटतील. सुट्टीत गावी कुठून जाता, वाटेत कुठे थांबता, हे त्यांना विचार. आपणही कामासाठी घर सोडलेली माणसं आहोत. अशी ओळख काढलीस, तर ती माणसं जिवाभावाने सांगतील.

गार्डाला पोचलीस, की पूर्वेच्या किनाऱ्याने खाली ये. पश्चिमेचा रस्ता देखणा, पण अरुंद बोगद्यांचा. दक्षिण टोकाला पेस्कियेरा नावाचं गाव आहे, तिथल्या कॅम्पिंगमध्ये आठवडाभर मुक्काम ठोक. या गावात रेल्वे स्टेशन आहे, थेट मिलान-व्हेनिस मार्गावर. व्हेरोना वीसेक मिनिटांवर, व्हेनिस दीडेक तासावर. सकाळी आगगाडीने जायचं, रात्री आपल्या अंथरुणात. व्हेनिसला 2024 पासून काही ठरावीक दिवशी दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेश शुल्क घेतात, तेवढी तारीख आधी बघ. रोम आणि फ्लोरेन्स पुढच्या खेपेला, विमानाने. रोमसाठी हजारेक किलोमीटरचं येणं-जाणं वाढतं, आणि शहरात ही गाडी पायात बेडीसारखी होते.

इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल असतं, म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी. चौकात अडवायला पोलीस नसतो, कॅमेरा असतो. कित्येक महिन्यांनी दंडाची नोटीस येते, आणि गाडीवाली कंपनी आपलं शुल्क त्यावर लावते. तेव्हा गावाबाहेर गाडी लाव आणि चाल. रात्री रस्त्याकडेला थांबावं लागलं, तर खुर्च्या आणि छत बाहेर काढू नकोस. काही बाहेर मांडलं नाही, तर इटलीचा कायदा त्याला पार्किंग म्हणतो. मांडलं, की कॅम्पिंग. 15 ऑगस्टच्या आसपास तर सगळी इटली सुट्टीवर असते, तो आठवडा टाळलास तर उत्तम.

परतताना मेरानोवरून रेशेन खिंडीने ये. वळणं सौम्य आहेत. 1950 साली धरणाखाली गाव गेलं आणि चर्चचा मनोरा तेवढा पाण्यावर उरला, ते सरोवर वाटेवरच लागतं. बाबांना तिथे बसव थोडा वेळ, त्यांना पानशेत धरणाच्या गोष्टी सांगायला आवडतात. स्टेल्वियो घाटाचे व्हिडिओ बघून जावईबापू हट्ट धरतील. एका बाजूलाच 48 वळणं आहेत, सात मीटरच्या गाडीने तिथे जायचं नाही. माझं नाव सांग.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. मोटरहोममध्ये घर बरोबर येतं, म्हणजे घरकामही येतं. दोन शेगड्या, मूठभर ओटा आणि सहा माणसांची भूक. तुझ्या शीटमध्ये रोज तीन वेळचा स्वयंपाक लिहिलाय आणि पुढे नाव फक्त तुझं आहे. ते आजच बदल. सकाळी थालीपिठाची भाजणी, मेतकूट-भात असं काही पुरे. फोडणी बाहेर, गाडीशेजारी कर, बंद गाडीत वास गाद्यांना धरतो. एक वेळ बाहेर जेवा. फक्त आईला सांग, पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. तिला नको असेल, तर वाढण्याआधीच सांगावं लागेल. टॉयलेटची कॅसेट रिकामी करणं, सांडपाणी सोडणं, भांडी घासणं ही कामं पाळीने वाटून घ्या, मुलांनाही द्या. आणि स्टीअरिंग दोघांत वाटा. तळेगाव चौकात कंटेनरच्या गर्दीतून वर्षानुवर्षं स्कूटी काढलीस तू. पहिल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर मागे-पुढे करून बघ, ब्रेक आणि वळण हाताला बसेल. दमल्यावर सांगायला लाजू नकोस. दिवसाला फार किलोमीटर नकोत, असं मी म्हणते ते तुझ्यासाठीच.

आज रात्री लायसन्सच्या तारखा बघ, गाडीचे बेल्ट विचारून घे, आणि नवी शीट मला पाठव. त्यात तुझ्या नावापुढे एक तरी दिवस रिकामा दिसला पाहिजे.