आधी कागद, मग हातोडी

मंडळी, आता खेड्यापाड्यांतही मोटारी आल्या आहेत. कुणी जुनी जीप घेतो, कुणी हप्त्यावर लहान मोटार घेतो. गाडी आली की कधी ना कधी ठोकर लागायचीच. पूर्वी बैलगाडीचे चाक मोडले, तर गावचा सुतार ते बसवून देई. मोटारीचा पत्रा चेपला की गॅरेज येते, विमा येतो आणि सही येते. म्हणून या पाठात आपण दोन गोष्टी शिकू. कागद कसा वाचावा, ही पहिली. पत्र्याचे काम कसे पारखावे, ही दुसरी.

१. आधी माणूस, मागून गाडी

अपघात झाला की पहिल्यांदा माणसे बघावीत. कुणी जखमी असेल, तर ११२ नंबरला फोन करावा. जखमीला दवाखान्यात पोचवावे. कुणाला इजा झाली असेल, किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर पोलिसांना खबर द्यावी. जवळ पोलीस नसतील, तर २४ तासांच्या आत ठाण्यावर जाऊन सांगावे. पळून जाणे हा गुन्हा आहे.

मग मोबाइलवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढावेत. नंबराची पाटी फोटोत दिसली पाहिजे. इंजिनाखाली तेल किंवा पाणी गळत असेल, तर गाडी चालू करू नये. दुसऱ्या गाडीने ओढून न्यावी. तशीच दामटली आणि इंजिन जळाले, तर त्या वाढीव नुकसानीचे पैसे विमा कंपनी देत नाही.

२. आपला विमा कोणता?

मोटार विमा मुख्यतः दोन तऱ्हेचा असतो. पहिला थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तो सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. आपल्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून एक पैसाही मिळत नाही. बरेच लोक इथेच फसतात. "विमा हाय की!" असे म्हणतात, आणि गॅरेजात गेल्यावर कळते की तो विमा या कामाचा नव्हे.

दुसरा विमा दुहेरी असतो. त्यात दुसऱ्याचे नुकसान येते आणि आपल्या गाडीचेही येते. आपला विमा कोणता, ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापलेले असते. ते पान आजच वाचा. अपघाताची वाट बघू नका.

आणखी एक गोष्ट. चालवणाऱ्याजवळ चालू मुदतीचा परवाना हवा. खासगी गाडीतून भाडे घेऊन माणसे नेत असताना अपघात झाला, तर कंपनी भरपाई नाकारू शकते.

३. हातोडी पडण्याआधी

दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे. कंपनी पाहणीसाठी माणूस पाठवते. त्याला सर्व्हेअर म्हणतात. त्याने गाडी पाहिल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नये. आधीच पत्रा सरळ केला, तर नुकसान किती झाले होते, हे कुणाला कळणार?

गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. त्यात प्रत्येक भागाचे नाव, त्याची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावी. कोणता भाग बदलणार आणि कोणता ठोकून सरळ करणार, हेही लिहून घ्यावे. गाडी खोलल्यावर आतले आणखी नुकसान दिसले, तर सर्व्हेअरला पुन्हा कळवावे. काढलेले जुने भाग त्याला दाखवल्याशिवाय टाकू देऊ नयेत.

गॅरेजात असे बोलणे होते:

"मालक, सही करा इथं. बाकीचं आम्ही भरतो."

"नाही मिस्त्री, आधी तुम्ही भरा. मी वाचतो. मग सही करतो."

असे सांगायला लाजू नये. कोऱ्या कागदावर सही म्हणजे दुसऱ्याच्या हाती दिलेली आपली थैली. पूर्वी अशाच कागदांवर अंगठे उठवून कितीकांच्या जमिनी गेल्या. आता आपल्याला अक्षर येते. ते इथे वापरायचे.

४. पैशांचा हिशेब

वापराने वस्तूची किंमत कमी होते. त्याला घसारा म्हणतात. कंपनी नव्या भागाच्या किमतीतून घसारा कापते. सर्वसाधारण पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर निम्मी किंमत कापतात. काचेवर काही कापत नाहीत. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. गाडी ३ ते ४ वर्षांची असेल, तर शेकडा २५.

समजा, आपली गाडी साडेतीन वर्षांची आहे. बिल असे आले:

पत्र्याचा दरवाजा ८,००० रुपये. कापले २,०००.
प्लास्टिकचा बंपर ४,००० रुपये. कापले २,०००.
पुढची काच ५,००० रुपये. कापले काही नाही.
मजुरी ६,००० रुपये. कापले काही नाही.

एकूण बिल २३,००० रुपये. घसारा ४,०००. शिवाय प्रत्येक वेळी काही ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते. समजा, पॉलिसीत ती १,००० लिहिली आहे. म्हणजे आपण ५,००० द्यायचे आणि कंपनीने १८,०००. जादा हप्ता भरून घसारा न कापणारी पॉलिसीही मिळते.

नुकसान थोडे असेल, तर विचार करावा. वर्षभर भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात शेकडा २० सूट मिळते. ती वाढत वाढत ५० पर्यंत जाते. लहानशा ओरखड्यासाठी भरपाई मागितली, तर ही सूट जाते.

५. पत्र्याचे काम कसे पारखावे

आधी सांगाडा, मग पत्रा, शेवटी रंग. हा क्रम पक्का ध्यानात ठेवा. सांगाडा वाकडा राहिला, तर वरून कितीही रंग द्या, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच बाजूने झिजतो.

चेपलेला पत्रा मागून लोखंडी ठोकळा धरून, पुढून हलक्या हातोडीने सरळ करतात. फार ठोकला तर पत्रा ताणतो आणि लाटा पडतात. राहिलेला बारीक खळगा पुट्टीने भरतात. पुट्टी पातळ असावी. आळशी कारागीर खड्डा तसाच ठेवून पुट्टीचा जाड थर देतो. काही महिन्यांनी तो तडकतो. तडीतून पाणी शिरते आणि आतून गंज चढतो.

पुट्टी घासल्यावर अस्तराचा रंग देतात. त्यावर खरा रंग येतो. अस्तर देण्याआधी गंज खरवडलाच पाहिजे. नाहीतर तो रंगाखाली वाढत राहतो.

६. गाडी ताब्यात घेताना

गाडी दिवसाउजेडी घ्यावी. दिव्याखाली रंगातला फरक कळत नाही. दरवाजे आणि बॉनेट उघडून लावून बघा. फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून लोखंडी पत्र्याला लावा. चांगल्या जागी तो घट्ट धरतो. पुट्टीचा थर जाड असेल, तर धरत नाही. प्लास्टिकच्या बंपरला मात्र तो कधीच चिकटायचा नाही. मग गाडी सरळ रस्त्यावर चालवून, ब्रेक दाबून पाहा.

हे सारे झाल्यावरच "काम समाधानकारक झाले" या कागदावर सही करा. बिल आणि पावती जपून ठेवा.

कंपनीने भरपाई नाकारली, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी पडत नाही.

ध्यानात ठेवा

पाहणी झाल्याशिवाय काम नाही. वाचल्याशिवाय सही नाही. पारखल्याशिवाय ताबा नाही.

प्रश्न

१. थर्ड पार्टी विम्यातून आपल्या गाडीची दुरुस्ती का होत नाही?
२. ६,००० रुपयांच्या प्लास्टिकच्या भागावर किती घसारा कापतील?
३. घरातली किंवा शेजाऱ्याची पॉलिसी आणा. ती कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, ते वाचून वहीत लिहा.