ऊन तापलं की सोलर पॅनल जास्त वीज देतं का?



नालवाडीच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, मे महिन्याचं ऊन एवढं कडक, मग १०० वॅटचं पॅनल भर दुपारी १०० वॅट का देत नाही? दुकानदारानं फसवलं काय?" पॅनल गटाच्या कर्जातून घेतलेलं. हप्ता थांबवायचा विचार सुरू होता. मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. वाचून, समजून घेऊन आज सांगते.

पॅनलमधल्या निळ्या-काळ्या पट्ट्या सिलिकॉनच्या असतात. वीज वाहणं म्हणजे इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण सरकणं. आता दोन मजली घर डोळ्यांपुढे आणा. खालच्या मजल्यावर पंगत खचाखच भरली आहे, कुणाला हलायला जागा नाही. वरचा मजला रिकामा, पण तिथे कुणीच नाही. या मजल्यांना ऊर्जापट्टे म्हणतात.

तांब्यात दोन्ही मजले एकमेकांना लागूनच असतात, म्हणून तारेतून वीज सहज वाहते. काचेत मधलं अंतर खूप मोठं, म्हणून वीज वाहत नाही. सिलिकॉनचं अंतर मधलं, म्हणून तो अर्धवाहक.

उजेड पडला की इलेक्ट्रॉनला वर चढायची ताकद मिळते. तो उठला की पंगतीत जागा रिकामी होते, शेजारचा तिथे सरकतो. म्हणजे वर इलेक्ट्रॉन फिरतो आणि खाली रिकामी जागा फिरते. पट्टीच्या एका बाजूला किंचित फॉस्फरस, दुसऱ्या बाजूला बोरॉन मिसळलेलं असतं. त्यामुळे मध्ये एक उतार तयार होतो आणि इलेक्ट्रॉन एकाच दिशेला ढकलले जातात. तीच आपली वीज.

म्हणजे काम करतो तो उजेड, उष्णता नव्हे. उलट पट्टी तापली की आतली गळती वाढते आणि व्होल्टेज घसरतं. लेबलवरचे १०० वॅट हे भरपूर उजेडात, पण पट्टी २५ अंशांवर असताना मोजलेले असतात. मे महिन्यात छपरावर पट्टी ६५ अंशांपर्यंत तापू शकते. दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरा. ४० अंश जास्त म्हणजे १६ टक्के घट. १०० चे ८४ झाले तर ती फसवणूक नाही.

पण निम्मीच वीज मिळत असेल तर आधी हे बघा:

१. पॅनलवर झाडाची, टाकीची सावली पडते का? पट्ट्या एकीला एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली आली तरी बाकीच्यांचं काम अडतं.
२. पॅनल टिनाला चिकटवलंय का? खालून वारा खेळायला जागा हवी.
३. धूळ साचली का? सकाळी, पॅनल थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

हे सगळं ठीक असूनही वीज कमीच असेल, तर पावती आणि वॉरंटी कार्ड घेऊन दुकानदाराकडे जा. एकटी नको, गटानं जा.

हे आपलं काम नाही असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) इथे बचत गटांच्या महिला आयआयटी मुंबईच्या तांत्रिक मदतीनं सोलर पॅनल तयार करतात. त्या बनवू शकतात, तर आपण निदान लेबल वाचून घेऊ शकतो.

पुढच्या बैठकीत आपापल्या पॅनलच्या लेबलचा फोटो आणा. सगळ्या मिळून वाचू.