खापरी वाकडी असली, तरी कौल सरळ लागतो का?

प्रश्न : लहानपणी आम्ही खापरीच्या एका बाजूला थुंकी लावून 'ओली की सुकी' करायचो. आमची खापरी बहुतेक वेळा ओलीच पडे आणि त्यावरून भांडणं होत. आता मुलगा सांगतो, की संगणकसुद्धा इकडून तिकडून असेच कौल गोळा करून गुप्त किल्ल्या बनवतो. कौल देणारी वस्तूच एकांगी असेल, तर निकाल निःपक्ष कसा?

उत्तर : तुमच्या खापरीवर उपाय होता. जॉन फॉन नॉयमन यांनी तो 1951 मध्ये मांडला. खापरी दोनदा उडवायची. दोन्ही वेळा सारखंच पडलं, तर ती जोडी सोडून पुन्हा उडवायची. आधी ओली, मग सुकी आली तर ओलीवाले जिंकले. आधी सुकी, मग ओली आली तर सुकीवाले. समजा, शंभरात सत्तर वेळा ओली पडते. मग ओली-सुकीची शक्यता 0.7 × 0.3, म्हणजे 0.21. सुकी-ओलीची 0.3 × 0.7, म्हणजे तेवढीच! खापरी किती वाकडी आहे, हे ठाऊक असण्याचीही गरज नाही. फक्त वेळ जास्त लागतो : 58 टक्के जोड्या वाया जातात आणि एका निकालासाठी सरासरी पावणेपाच वेळा खापरी उडवावी लागते.

पण यात एक अट दडलेली आहे. प्रत्येक फेक आधीच्या फेकीपासून स्वतंत्र हवी आणि वाकडेपणा दर वेळी तोच हवा. संगणकाला मिळणारे कौल, उदाहरणार्थ दोन कळा दाबण्यामधलं सूक्ष्म अंतर, असे शिस्तीचे नसतात. एक कौल पुढच्यावर सावली टाकतो.

मिक्लोश शांता आणि उमेश वझिरानी यांनी 1984 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. समजा, आधीचे सगळे कौल पाहून कुणी कपटी पुढचा कौल 60-40 पर्यंत झुकवू शकतो. शंभर कौलांतल्या 'ओल्या' मोजून सम-विषम पाहू म्हटलं, तर तो नव्व्याण्णव कौल होऊ देईल आणि शेवटचा आपल्याकडे झुकवेल. निकाल पुन्हा 60-40. दुसरा कुठला नियम लावला तर? त्यांनी सिद्ध केलं, की कोणताही ठरावीक नियम अशा एकट्या उगमातून याहून बरा असा एकसुद्धा बिट हमखास काढू शकत नाही.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो : आकडे भरपूर घुसळले की यादृच्छिकता तयार होते. तसं होत नाही. घुसळल्याने मुळात असलेली अनिश्चितता एकवटते, नवी निर्माण होत नाही. 2012 मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या तपासल्या, तेव्हा काही वेगवेगळ्या उपकरणांच्या किल्ल्यांत एकच मूळ संख्या सामाईक निघाली. सुरू होताना त्या उपकरणांनी पुरेशी अनिश्चितता गोळाच केलेली नव्हती. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला, की दोन्ही फुटतात. आणि मसावि शाळेतल्या मुलालाही काढता येतो.

मग वाट कुठली? एकाऐवजी दोन उगम घ्यायचे, दोन्ही कमकुवत चालतील, पण एकमेकांशी संबंध नसलेले. बेनी शोर आणि ओडेड गोल्डराइख यांनी 1985 मध्ये दाखवलेली रीत पाटीवर करण्याजोगी आहे. दोन्हींच्या 0-1 च्या लांब ओळी एकाखाली एक लिहा, दोन्हींत 1 असलेल्या जागा मोजा. सम आल्या तर 0, विषम आल्या तर 1. हा बिट जवळजवळ निःपक्ष निघतो.

अट अशी, की प्रत्येक ओळीत निम्म्याहून जास्त अनिश्चितता हवी. म्हणजे शंभर बिटांची ओळ धूर्तातल्या धूर्त माणसाला एका फटक्यात ओळखता येण्याची शक्यता 50 नाणी एकदम अचूक सांगण्याहूनही कमी असावी. ही निम्म्याची रेषा वीस वर्षं कुणाला ओलांडता आली नाही. 2005 मध्ये झां बूर्गॅं तिच्या किंचित खाली उतरले. मग 2015 मध्ये एशान चट्टोपाध्याय आणि डेव्हिड झुकरमन यांनी ओळीच्या लांबीच्या मानाने नगण्य अनिश्चितताही पुरते, असं सिद्ध केलं. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तुमच्या गल्लीतली खापरी आणि पलीकडच्या गल्लीतली खापरी, दोन्ही सत्तर-तीस वाकड्या धरा. दोघी सारख्या पडल्या तर एक पक्ष, वेगळ्या पडल्या तर दुसरा, एवढं ठरवलं तरी निकाल 58-42 वर येतो. मात्र एकाच मुलाने दोन्ही उडवायच्या नाहीत.