धांवांचा वांटा आणि खेळाडूचें मोल



क्रिकेटचे सामने सुरू झाले कीं आपल्या सातारा-सांगलीकडील मुलें कागदावर काल्पनिक संघ मांडूं लागतात. ज्याचे निवडलेले अकरा खेळाडू प्रत्यक्ष सामन्यांत अधिक गुण मिळवितील, तो जिंकला! पैसे लावून चालणारे असे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला. कागदावरील खेळास मात्र पेन्सिलीपलीकडे खर्च नाहीं, आणि त्यांत गणिताचा एक चांगला धडा आहे.

पुष्कळ मुलें केवळ नांव पाहून खेळाडू निवडतात. परंतु त्याच्या वांट्यास संधि किती येणार व त्या संधींत वांटेकरी किती, हेंहि पाहिलें पाहिजे. वीस षटकांच्या डावांत चेंडू अवघे १२०. पहिल्या दोघांनीं ९० घेतले, तर मागच्या सर्वांना मिळून ३० उरतात. मग सहाव्या क्रमांकाचा फलंदाज कितीहि कुशल असो, तो काय करणार? सांगलींत वाढलेल्या स्मृति मानधना हिनें २०१३ सालीं बडोदें येथें १९ वर्षांखालील सामन्यांत गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धांवा केल्या. पन्नास षटकांचे चेंडू ३००. म्हणजे निम्मे तिच्या एकटीच्या वांट्यास आले, आणि तिनें त्यांचें सोनें केलें. अमेरिकेंतील फुटबॉलमध्येंहि हाच न्याय आहे. तेथें झेलणारे गडी अनेक, त्यांच्याकडे फेंकले जाणारे चेंडू मोजके. नवा नामांकित गडी संघांत आला कीं जुन्याचा वांटा घटतो. तो जायबंदी झाला कीं पुन्हां वाढतो.

तर मग वांटेकरी म्हणजे नेहमींच नुकसान काय? तसें नाहीं. १९१५ सालीं सांगलींत जन्मलेले विजय हजारे १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध खेळले. गुल महंमद यांनीं ३१९ व हजारे यांनीं २८८ धांवा केल्या. दोघांनीं चौथ्या जोडीसाठीं ५७७ धांवा जोडल्या. तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. त्या सामन्यांत चेंडूंना मर्यादा नव्हती. मर्यादा होती ती गड्यांची. म्हणून टिकून राहणारा जोडीदार आपला वांटा खात नाहीं, उलट एकंदर बेरीजच वाढवितो. वांटणीची रक्कम ठरलेली आहे कीं वाढणारी आहे, हा प्रश्न आधीं विचारावा.

आतां तिसरें उदाहरण. डिसेंबर १९४३ मध्यें मुंबईस पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत हजारे 'रेस्ट' संघाकडून हिंदु संघाविरुद्ध खेळत होते. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धांवा झाल्या. त्यांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या, म्हणजे शेंकडा सुमारें ८०. त्यांनीं आपले बंधु विवेक यांच्यासह ३०० धांवांची भागी केली, आणि तींत विवेक यांच्या धांवा होत्या अवघ्या २१.

हे आंकडे फळ्यावर लिहून मीं वर्गास विचारलें, "तुमच्या संघांत विवेक यांना कोण घेईल?" एकहि हात वर झाला नाहीं. गुणांच्या हिशेबानें तें बरोबरच होतें. मग विचारलें, "विवेक लवकर बाद झाले असते, तर ३०९ झाल्या असत्या काय?" वर्ग स्तब्ध झाला.

संघ अखेर एक डाव व ६१ धांवांनीं हरलाच. तरीहि त्या २१ धांवांचें मोल कमी होत नाहीं. एका शरीरांत अनेक अवयव असतात, ही पौलाची शिकवण आपण प्रार्थनेच्या तासास ऐकतों. धांवफलकावर ती क्वचितच दिसते.

पालकांसहि एक विनंति. घरांतील एक मूल परीक्षेस बसतें, तेव्हां दुसरें पाणी भरतें, धाकट्यांना सांभाळतें. गुणपत्रिकेवर त्याचें नांव नसतें. निकालाच्या दिवशीं पेढा प्रथम त्याच्या हातावर ठेवावा.