प्रेम, पाऊस आणि पाच मिनिटे

गॅदरिंगच्या शॉर्टफिल्म स्पर्धेची नोटीस लागली, की त्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकच प्रश्न असतो : "ताम्हिणीला कधी निघायचं?" मग फिल्म तयार होते. हीरो, हिरॉईन, एक छत्री, मागे धबधबा, स्लो मोशन, गैरसमज, गिटार, समाप्त! आपण सगळ्यांनीच ही फिल्म पाहिलीय आणि टाळ्याही वाजवल्यात. पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्यातलं एक वाक्यही कुणाला आठवत नाही. असं का होतं? या प्रश्नापायी मी सेमिस्टरच्या सुट्टीत अभ्यासाच्या पुस्तकांऐवजी फिल्म्स बघत बसले. हाती जे लागलं ते इथे मांडतेय.

धडा पहिला : मनिऑर्डर

पोलंडचा दिग्दर्शक क्रिस्तॉफ किस्लोव्स्की याची 1988 सालची एक फिल्म आहे, 'अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह'. नावात 'शॉर्ट' असलं तरी लांबी जवळजवळ दीड तास! यात एकोणीस वर्षांचा, पोस्टात काम करणारा मुलगा समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईकडे रोज दुर्बिणीतून बघतो. तिने आपल्या खिडकीशी यावं म्हणून तो तिच्या पेटीत मनिऑर्डर आल्याच्या खोट्या चिठ्ठ्या टाकतो. बिचारी येते आणि हात हलवत परत जाते.

हे वागणं चांगलं की वाईट, हा वाद हॉस्टेलवर रात्रभर चालेल. फिल्मचा मुद्दा वेगळा आहे. दिग्दर्शकाने प्रेम न दाखवता एक चिठ्ठी दाखवली. हीच गोष्ट त्याच्या 'डेकॅलॉग' या टीव्ही मालिकेत तासाभराच्या भागातही आहे आणि तिथे शेवट निराळा आहे. म्हणजे गोष्ट एकच, पण लांबी आणि शेवट बदलला की अर्थ बदलतो. एडिटिंग म्हणजे नुसतं कापाकापी नव्हे, हे मला इथे कळलं.

धडा दुसरा : गिरणी

आता घराजवळचं उदाहरण. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना 'गिरणी' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. घर चालवण्यासाठी आई पिठाची गिरणी घेते. मुलगा आधी खूष असतो, पण हळूहळू त्याला त्या गिरणीचा तिटकारा येतो.

आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी ही फिल्म पाहायलाच हवी. मशीनचा आवाज म्हणजे आपल्यासाठी नॉईज, डेसिबलमध्ये मोजायचा. इथे तोच आवाज आई आणि मुलाच्या मध्ये येऊन बसतो. आईचं प्रेम कमी झालेलं नाही, उलट त्या प्रेमापोटीच गिरणी घरात आलीय. तीच वस्तू दोघांना जोडते आणि तीच तोडते!

धडा तिसरा : निबंध

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दरवर्षी 'अ रेनी डे' हा निबंध असायचा आणि आम्ही तो पाठ करून लिहायचो. कागदाच्या होड्या, गरम भजी, इंद्रधनुष्य, दहापैकी आठ मार्क. नागराज मंजुळे यांचा 'पावसाचा निबंध' (2017) पाहिला आणि तो आठवला. त्यातल्या मुलाला शाळेतून पावसावर निबंध लिहायला सांगितलाय आणि इकडे त्याच्या घराचं छप्पर गळतंय. वहीतला पाऊस वेगळा आणि डोक्यावरचा वेगळा. या फिल्मसाठी मंजुळे यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता ताम्हिणीचा पाऊस बघा. 25 जुलै 2024 ला तिथे 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो! शंभर चौरस फुटांच्या छपरावर हिशेब केला, तर एका दिवसात पाच हजार लिटरच्या वर पाणी. म्हणजे हजार लिटरच्या पाच टाक्या एका खोलीच्या कौलांवर ओतल्यासारखं. आपल्या फिल्ममधला हीरो त्यात हात पसरून उभा राहतो. तिथे राहणारा माणूस तसा उभा राहील का?

मग आपली फिल्म कुठे आहे?

ती आपल्या मेसमध्येच आहे असं मला वाटतं. आमच्या हॉस्टेलला एक मावशी पोळ्या करतात. त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, नाव-गाव मुद्दाम देत नाही. सासर ताम्हिणीच्या बाजूला. भाताच्या आवणीला नवरा गावी, या इथे. रोज रात्री आठला फोन येतो. त्यांच्याच शब्दांत सांगते.

"घरात रेंज न्हाई. रोडच्या वळनावर येवून फोन करत्यात. मी इचारते, पाऊस हाय का? म्हनत्यात, न्हाई, उघडलाय. तुमी जेवला का? म्हनत्यात, जेवलो. अन् मला हिकडं छत्रीवर पाऊस वाजतोय ते ऐकू येतंय! मग मी म्हनते, रेंज गेली वाटतं, अन् फोन ठिवून देते."

"खरंच रेंज जाते?" मी विचारलं.

"न्हाई गं. भिजत उभं ऱ्हात्यात ना."

ही पाच मिनिटांची फिल्म नाही तर काय? दोघंही एकमेकांशी खोटं बोलतात आणि दोघांनाही ते माहीत असणार. 'आय लव्ह यू' एकदाही नाही. मनिऑर्डरची चिठ्ठी, गिरणी, निबंधाची वही, तसा इथे फोन. माझा सगळा अभ्यास एका ओळीत सांगायचा तर : प्रेम शूट करायला जाऊ नका, दोघांच्या मध्ये असलेली वस्तू शोधा.

थोडं प्रॅक्टिकल

1) पाऊस कॅमेऱ्यात दिसायला प्रकाश पावसाच्या मागून यावा लागतो, समोरून टाकला तर सरी दिसतच नाहीत.

2) पावसात संवाद नीट रेकॉर्ड होत नाहीत. पत्र्यावरचा, छत्रीवरचा, पानांवरचा आवाज वेगवेगळा घेऊन ठेवा. वरच्या गोष्टीत तर छत्रीचा आवाज हाच मुख्य संवाद आहे!

3) ताम्हिणीचा काही भाग 2013 पासून अभयारण्य आहे. तिथे शूटिंगला वनखात्याची परवानगी लागते. धबधब्याच्या पाण्यात उतरून शॉट घेण्याइतकी कुठलीच फिल्म मोठी नसते.

4) स्क्रिप्ट लिहून झाली की त्यातला पाऊस काढून टाका. गोष्ट तशीच उभी राहिली, तर पाऊस नुसती सजावट होती. मग ताम्हिणीला जायची गरज नाही, पेट्रोल वाचवा!

मावशींना मी म्हटलं, यावर फिल्म करू का? त्या म्हणाल्या, "त्यात काय दावायचं? फोन तर हाय." म्हणून ही गोष्ट मी स्वतःसाठी राखून न ठेवता इथे दिली. ज्या ग्रुपला करायची असेल त्यांनी आधी त्यांना भेटावं, त्या 'हो' म्हणाल्या तरच करावी. मात्र आठ वाजता जाऊ नका, ती फोनची वेळ आहे.