हायब्रिडला प्लग जोडण्याआधी हिशेब मांडा

हायब्रिड गाडीच्या डिकीत मागाहून मोठी बॅटरी बसवायची, ती रात्री घरच्या प्लगवर चार्ज करायची आणि पेट्रोल पंपाचा रस्ता विसरायचा, असे सांगणारे लोक आता आमच्या खामगावातही भेटतात. अशी गाडी मी वापरली आहे आणि ती किती वीज खाते हे मीटर लावून मोजले आहे. म्हणून, हा खर्च करायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतीपंपांच्या कामासाठी शेगाव, नांदुरा, अकोला असे फिरणे रोजचेच. त्या फिरण्यासाठी मी एका मोठ्या शहरातून जुनी पेट्रोल-हायब्रिड सेडान घेतली. तिच्या आधीच्या मालकाने पाच युनिटांची जादा बॅटरी आणि चार्जर बसवून घेतला होता. विकणाऱ्याने किटची किंमत अडीच लाख सांगितली आणि त्यातला बराच भाग गाडीच्या भावात धरला. घरी आणल्यावर मी चार्जरच्या प्लगला वेगळा सबमीटर लावला.

आधी हायब्रिड मुळात काय करते ते पाहू. साधी गाडी ब्रेक लावला की वेगातली ऊर्जा उष्णता म्हणून फुकट घालवते. हायब्रिड तीच ऊर्जा मोटरकरवी परत बॅटरीत भरते आणि सिग्नलला, गर्दीत इंजिन बंद ठेवते. त्यासाठी तिला छोटी बॅटरी पुरते. आपल्याकडच्या काही हायब्रिड गाड्यांत ती एका युनिटाचीही नसते. म्हणजे वाया जाणाऱ्यातले वाचवण्यासारखे बरेच काही या गाडीने आधीच वाचवलेले असते. मागाहून जोडलेल्या प्लगला वाचवायला फार थोडे उरते.

आता मोजमाप. किटशिवाय माझी गाडी लिटरला २२ किलोमीटर देते, म्हणजे १०० किलोमीटरला साडेचार लिटर पेट्रोल. विजेवर तेवढ्याच अंतराला भिंतीतल्या प्लगमधून १८ युनिट ओढले जात. चार्जर तापण्यात आणि बॅटरी भरताना-रिकामी होताना जाणारी वीज यातच आली. बॅटरी भरल्यावर गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि सबमीटरचा आकडा यांत कायम फरक पडे. बिल मात्र सबमीटरप्रमाणेच येते.

एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिट ऊर्जा असते. साडेचार लिटरचे चाळीस युनिट झाले. चाळीसच्या जागी अठरा, हे ऐकायला छान वाटते. पण ही वीज येते कुठून? आमच्या सर्वांत जवळचे मोठे वीजकेंद्र पारसचे. तिथे २५० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात. कोळशाच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो, आणि तारांमधून, ट्रान्सफॉर्मरमधून घरापर्यंत येताना त्यातलीही काही गळते. ही गळती पंधरा टक्के धरली, तर माझ्या १८ युनिटांसाठी तिकडे साठ युनिटांच्या आसपास कोळशाची उष्णता खर्ची पडते. धुराचेही तसेच. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १०० किलोमीटरला साडेदहा किलो. देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो निघतो. गळती धरून १०० किलोमीटरला चौदा-पंधरा किलो. पेट्रोलच्या शुद्धीकरणाचा आणि वाहतुकीचा भार मिळवला तरी आजच्या विजेवर हायब्रिड मागे पडत नाही. तेरा किलोमीटर देणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीशी तुलना केली तर वीज सरस ठरते. चांगल्या हायब्रिडशी केली तर ठरत नाही.

घराच्या छतावर सोलर असेल आणि गाडी दिवसा घरी उभी राहत असेल, तर हे गणित नक्कीच बदलते. पण माझ्यासारख्या कामाच्या माणसाची गाडी दिवसा रस्त्यावर असते आणि चार्जिंग रात्री होते.

पैशांचे गणितही असेच. पेट्रोल १०५ रुपये धरले, तर किलोमीटरला पावणेपाच रुपये पडतात. वीज दहा रुपये युनिट धरली, तर एक रुपया ऐंशी पैसे. मात्र महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि गाडीचे युनिट घरच्या वापराच्या वर पडत असल्याने ते वरच्या दराने लागतात. तो दर पंधराच्या घरात गेला की खर्च पावणेतीन रुपये होतो. एका चार्जवर पंचवीस किलोमीटर, वर्षातले तीनशे दिवस, असे धरले तर बचत पंधरा ते साडेबावीस हजार रुपये होते. अडीच लाख वसूल व्हायला अकरा ते सोळा वर्षे लागतात. जुन्या गाडीतल्या किटकडून एवढ्या आयुष्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

रस्त्यावरचे अनुभव वेगळेच. अकोल्याकडे हायवेला लागून वेग वाढवला की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन सुरू होई, कारण मूळ मोटर आणि कंट्रोलर इंजिनाला मदत करण्यापुरतेच बांधलेले होते. सोयाबीनच्या भरल्या पोत्याएवढे वजन मात्र डिकीत कायम. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की चार्जर मध्येच बंद पडे आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा इशारा येई. उघडून पाहिले तेव्हा मूळ बॅटरी थंड करणाऱ्या पंख्याची हवा घेण्याची जागा नव्या पेटीने निम्मी झाकलेली होती, आणि उरलेल्या जाळीत धूळ आणि जिनिंगकडून उडणारे कापसाचे तंतू गच्च भरले होते. उष्णतेने सर्वांत आधी खराब होते ती बॅटरीच.

शेवटचा धक्का कागदपत्रांनी दिला. विमा माझ्या नावावर करताना गाडीची तपासणी झाली. किटची नोंद आरसी बुकात नव्हती. अशा गाडीला आग लागली किंवा अपघात झाला, तर भरपाईची खात्री देता येणार नाही, असे मला स्पष्ट सांगण्यात आले. मी किट काढून टाकले.

अशा बदलाला आपल्याकडे कायदेशीर मार्ग आहे. २०१० साली पुण्याच्या केपीआयटीने भारत फोर्जसोबत ‘रिव्होलो’ हे किट लोकांसमोर आणले होते. साध्या गाडीला मोटर आणि बॅटरी जोडून ती प्लगवर चार्ज होणारी हायब्रिड करायची, अशी ती कल्पना. तेव्हा यासाठी नियम नव्हते; ते २०१६ साली आले. अमेरिकेत टोयोटा प्रियसमध्ये २००४ पासून जादा बॅटऱ्या बसवल्या जात होत्या. पुढे २०१२ मध्ये कंपनीनेच प्लग-इन प्रियस बाजारात आणली आणि अशा किटची गरज ओसरली.

कोणी किट सुचवले, तर चार गोष्टी करा. एक, पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेचे मान्यतापत्र मागा, आणि ते तुमच्याच मॉडेलला लागू आहे का ते पाहा. दोन, आरटीओत नोंद आणि विमा कंपनीचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका. तीन, घरची अर्थिंग, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि मंजूर लोड इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. चार, जुनी हायब्रिड घेताना डिकीचे अस्तर उचलून जादा वायरिंग आहे का ते बघा.

हायब्रिड आधीच असेल, तर बॅटरीची जाळी उन्हाळ्यात वरचेवर साफ करा, टायरची हवा राखा, ब्रेक हळू आणि लांबून दाबा. एवढ्याने पेट्रोल वाचते आणि खिशाला तोशीस पडत नाही. विजेवरच चालवायचे असेल, तर किटचे अडीच लाख जपून ठेवा. तीन किलोवॉटच्या छतावरील सोलरला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते, तिथून सुरुवात करा आणि पुढची गाडी कारखान्यातूनच इलेक्ट्रिक होऊन आलेली घ्या.