वहीतले पान

वांद्र्याला खेरवाडीत आमच्या वर्गाला एक बाई येत. शिवणकाम करून घर चालवीत. वय तीसच्या आत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, मला गोष्टी वाचायच्या नाहीत. पोरीचे कागद वाचायचे आहेत."

त्या असे का म्हणाल्या, ते आधी सांगतो.

त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. जन्मल्यावर पंधरा दिवस झाले तरी तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, कोवळ्या उन्हात धर, जाईल. शेजारणीने काविळीची माळ आणून दिली. पोरीच्या गळ्यात माळ राहिली आणि महिना निघून गेला. दीड महिन्याची लस टोचायला नेले, तेव्हा तिथल्या परिचारिकेने लंगोट पाहिले. शी पांढरी होती, खडूसारखी. लघवीचा डाग मात्र गडद पिवळा. परिचारिका म्हणाली, "आजच्या आज इस्पितळात न्या."

माळेवर माझा राग नाही. माळ घालून काही बिघडत नाही. बिघडते ते वाट पाहण्याने. बाळ दोन आठवड्यांचे झाले आणि पिवळेपणा उरला, तर डॉक्टरांना दाखवावे आणि रक्त तपासावे. शी पांढरी दिसली तर एक दिवसही थांबू नये.

आता हे यकृत म्हणजे काय? आपण लिव्हर म्हणतो तेच. मटणाच्या दुकानात त्यालाच कलेजी म्हणतात. आपण मुलाला 'काळजाचा तुकडा' म्हणतो ना? काळीज म्हणजे मुळात यकृतच. लोक हात मात्र छातीवर ठेवतात! यकृत पोटात उजवीकडे, बरगड्यांखाली असते. ते पित्त तयार करते. पित्त बारीक नळीतून आतड्यात उतरते, तेव्हा तेल-तूप पचते आणि शीला रंग येतो. काही बाळांत ही नळी बंद होते. मग पित्त यकृतातच साठते आणि यकृत हळूहळू कडक होऊ लागते.

यावर शस्त्रक्रिया आहे. जपानातले डॉक्टर मोरिओ कासाई यांनी ती १९५९ साली प्रसिद्ध केली. आतड्याचा एक भाग वर नेऊन यकृताला जोडतात, म्हणजे पित्ताला वाट मिळते. ती जितकी लवकर होईल तितकी बरी. शक्यतो बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत. या मुलीची शस्त्रक्रिया परळला वेळेत झाली. पण तेवढ्याने आजार संपत नाही. औषधे चालू राहतात आणि तारखाही चालू राहतात. पुढे काही मुलांचे यकृत बदलावे लागते. आई किंवा बाप आपल्या यकृताचा तुकडा देतात. देणाऱ्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते. आपल्या देशात लहान मुलाचे असे पहिले यशस्वी काम १९९८ साली दिल्लीत झाले. बाळ वीस महिन्यांचे होते आणि तुकडा बापाचा होता. ते बाळ मोठे होऊन स्वतः डॉक्टर झाले.

आता माझी चूक सांगतो. ही बाई वर्गाला येण्याआधी कागद घेऊन माझ्याकडे येत. एकदा मी चष्म्याशिवायच कागद वाचला. तारीख सांगितली, वेळ सांगितली. कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती, ती सोडली. 'उपाशीपोटी आणावे.' पोटाची सोनोग्राफी होती. बाईंनी पोरीला गाडीत दूध-बिस्किटे दिली. तपासणी झाली नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. त्या मला काही बोलल्या नाहीत. पण आठ दिवसांनी पाटी घेऊन वर्गात येऊन बसल्या.

मी त्यांना म्हटले, अक्षरे तर शिका, पण एक वहीही घाला. रोज दोन ओळी लिहा. शीचा रंग, ताप, जेवण, औषध, झोप. त्या हसल्या. म्हणाल्या, "डॉक्टर एवढे शिकलेले. माझी वही ते कशाला बघतील?"

मग मी त्यांना पुण्याची हकीकत सांगितली. पूर्वी आपल्या देशात लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होई. पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे. बहुतेक मुले जात. एकाच घरातली दोन-दोन मुले जात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर आनंद पंडित आणि डॉक्टर शीला भावे यांनी त्याचा शोध घेतला. इंग्लंडचे डॉक्टर स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर होते. या मुलांच्या यकृतात तांबे फार सापडे. ते येते कुठून? डॉक्टरांनी आयांना विचारले. बाळाला वरचे दूध कधीपासून दिले? कोणत्या भांड्यात तापवले? आयांनी सांगितले, पितळेच्या. पितळेत तांबे असते. कल्हई नसली की ते दुधात उतरते. १९८३ साली या डॉक्टरांनी हे जगापुढे मांडले. पुढे घराघरांत स्टीलची भांडी आली, आयांना समज दिली गेली, आणि तो आजार आता क्वचितच दिसतो. डॉक्टरांकडे यंत्रे होती. पण दूध कोणत्या भांड्यात तापले, हे कोणत्या यंत्राला कळणार? ते आईलाच ठाऊक होते.

बाईंनी दुसऱ्या दिवशी वही आणली.

तारखेच्या दिवशी पहाटे उठावे लागते. वांद्र्याहून सुटणारी धीमी गाडी मिळाली तर बसायला जागा मिळते. प्रभादेवीला उतरून पुलाने परळ बाजूला गेले की केईएम आणि मुलांचे वाडिया रुग्णालय चालत गाठता येते. वाडिया रुग्णालय तर १९२९ पासून आहे. गर्दीच्या वेळी जाऊ नये. या मुलांची पाणथरी पुष्कळदा वाढलेली असते. पोटावर कोपर बसला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर इस्पितळातल्या समाजसेवकाला भेटावे. लाजू नये, ते त्याचे कामच आहे.

पोराशी खोटे बोलू नये. "डॉक्टर काही करणार नाहीत" म्हणून नेतात आणि मग सुई टोचली जाते. पुढच्या वेळी पोर दारातच रडते. "दंगा केलास तर सुई टोचायला लावीन" हेही घरात म्हणू नये. ही बाई सांगत, "एकदा टोचतील. दुखेल. आपण दहापर्यंत मोजू." पोरगी सातपर्यंत मोजते आणि मग ओरडते. चालेल.

काविळीला तेल बंद, तूप बंद, नुसता उसाचा रस, असे आपल्याकडे चालते. वर्षानुवर्षे आजारी असलेल्या मुलाला हे घातक आहे. त्याला इतर मुलांपेक्षा जास्त अन्न लागते. कोणते तेल आणि किती, ते डॉक्टरांना विचारावे. यांना खोबरेल तेल सांगितले आहे, कारण ते पित्त कमी असूनही बरेचसे पचते. झाडपाल्याचा काढा परस्पर देऊ नये. तापाची गोळीसुद्धा विचारून द्यावी.

आणि काही गोष्टींना तारखेची वाट पाहायची नाही. अशी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला ताप आला, शी पुन्हा पांढरी झाली, शी डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, किंवा मूल भलत्या वेळी झोपाळू होऊन बरळू लागले, तर रात्र असली तरी निघावे. वही बरोबर घ्यावी.

बाईंनी मला वहीतले एक पान पाठासाठी उतरून घेऊ दिले. ते असे :

मंगळवार. ताप नाही. शी पिवळी.
औषध सकाळी ३ मिली, रात्री ३ मिली. दिले.
दुपारी वरणभात, खोबरेल घालून. अर्धा खाल्ला.
रात्री अंग खाजवत होती. झोप कमी.
दादा रडला. म्हणाला, तू तिलाच घेऊन जातेस.
डॉक्टरांना विचारणे : खाज का? शाळेत घालू का?
पुढची तारीख गुरुवार. ऊपाशी.

शेवटच्या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आहेत. त्यात पहिले अक्षर ऱ्हस्व हवे. मी मात्र ते दुरुस्त केले नाही.

आता हे पान मोठ्याने वाचा. मग घरातली औषधाची एक बाटली घ्या. तिच्यावर मुदत संपण्याचा महिना कुठे आहे, ते शोधून पाटीवर लिहा.